हॉबार्टची बैठक भरण्याआधी

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर, हॉबार्ट शहरात, एक बैठक भरते. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात मासे कुणी धरायचे, कुठं आणि किती, हे तिथं ठरतं. अंटार्क्टिक सागरी सजीव संपदा संवर्धन आयोगाची ही बैठक. आयोगाचे सत्तावीस सदस्य आहेत आणि त्यांत भारत आहे. निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वानुमतानं होतो. एकानं मान हलवली नाही की ठराव पडला. आपल्या देशाच्या एका मताला इतकं वजन असलेल्या जागतिक बैठका फार नाहीत. तरीही तिथं आपले प्रतिनिधी काय बोलतात, याची विचारणा आपण कधी केलेली नाही. ती यंदा करावी, एवढ्यासाठी हे आवाहन आहे.

प्रश्न माशांचा आहे. त्यातही अशा माशांचा, जे आपल्या हिशेबानं वाढत नाहीत.

कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांना हे सगळ्यांत लवकर उमगेल. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. एकसष्ट दिवस त्यांचं जाळं पाण्यात पडत नाही आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्या पुन्हा खुला होतो. या बंदीला अर्थ आहे, कारण आपले बहुतेक मासे भराभर वाढतात. बांगडा, तारली वर्षभरातच गाभोळी धरतात. पावसाळ्यात त्यांना निवांतपणा दिला की पुढच्या हंगामात त्यांची पिल्लं मोठी होऊन जाळ्यात येतात. एकसष्ट दिवसांचा संयम पुरतो, तो उबदार पाण्यामुळे.

आता अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात चला. तिथं अंटार्क्टिक टूथफिश नावाचा मासा राहतो. पूर्ण वाढलेला मासा पावणेदोन मीटरपर्यंत लांब आणि शंभर किलोच्या वर भरतो. तो एक हजार, दीड हजार, कधी दोन हजार मीटर खोल पाण्यात वावरतो. तिथल्या पाण्याचं तापमान शून्याच्या आसपास असतं, किनाऱ्याजवळच्या उथळ भागात तर उणे १.९ अंशांपर्यंत उतरतं. इतक्या थंडीत साध्या माशाचं रक्त गोठून जाईल. टूथफिशच्या रक्तात बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं असतात. अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर डीव्ह्रीस यांनी १९६० च्या दशकात तिथल्याच मॅकमर्डो साउंडमधल्या माशांवर काम करताना ती ओळखली. या प्रथिनांमुळे मासा जगतो, पण थंडीची किंमत त्याला मोजावीच लागते. शरीरातली प्रत्येक क्रिया संथ चालते, आणि अन्न मिळतं तेही हंगामात. उन्हाळ्याचे थोडे महिने समुद्रावर ऊन पडतं, तेव्हा वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यावर खालची सगळी साखळी पोसली जाते. नंतर पुन्हा अंधार.

म्हणून टूथफिशची मादी पहिल्यांदा अंडी घालते ती साधारण सोळा-सतराव्या वर्षी. नर थोडा आधी, तेराव्या वर्षाच्या आसपास तयार होतो. वय कसं कळतं? माशाच्या कानात चुन्याचा एक खडा असतो आणि झाडाच्या खोडासारखी त्यात वर्षागणिक वलयं पडतात. ती मोजून चाळीसच्या पुढं वय भरलेले टूथफिश सापडलेले आहेत. पहिली दहा वर्षं हा मासा बऱ्या वेगानं वाढतो आणि मीटरभर होतो. नंतर वाढ मंदावते आणि अंगात चरबी साठू लागते. त्याला हवेची पिशवी नसते, त्यामुळे पाण्यात तरंगून राहायला ही चरबीच कामी येते. पिल्लांचं बालपण खंडाच्या उथळ मंचावर जातं. मोठे झाल्यावर मासे उतारावरून खोल पाण्यात उतरतात. मग अंडी घालायला ते रॉस समुद्राच्या उत्तरेला, समुद्रतळच्या डोंगरांवर जातात. तेही ऐन हिवाळ्यात, वर बर्फाचं छप्पर असताना. अंडी पाण्यापेक्षा हलकी असतात. ती वर येतात आणि बर्फाखाली वाढतात. पुढं प्रवाह पिल्लांना फिरवत पुन्हा मंचाकडे नेतो, असं अभ्यासक मानतात.

या ठिकाणी मला वाचकांना थांबवायचं आहे. रॉस समुद्रात टूथफिशची व्यापारी मासेमारी १९९६-९७ च्या हंगामात सुरू झाली. त्या मुलखात या माशाची फलित अंडी पहिल्यांदा माणसाच्या हाती आली ती २०१६ च्या हिवाळ्यात, खास त्यासाठी बर्फात शिरलेल्या न्यूझीलंडच्या एका जहाजाला. म्हणजे मासा अंडी नेमकी कुठं आणि कधी घालतो हे आपल्या हाताला लागण्याआधी वीस वर्षं आपण तो मासा ओढत होतो. आयोगाचे नियम कडक आहेत. प्रत्येक जहाजावर निरीक्षक असतो, काही माशांना खुणा करून सोडावं लागतं, आणि वर्षाला धरायची मर्यादा ३,००० टनांहून थोडी अधिक असते. ही कायदेशीर मासेमारी म्हणजे लूट आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या नियमावर ही मर्यादा बेतली आहे, तो नियम असा आहे: पस्तीस वर्षांत अंडी घालणाऱ्या माशांचं एकूण वजन मूळच्या निम्म्यावर आणायचं आणि तिथं राखायचं. निम्म्यावर आणणं हेच उद्दिष्ट! बांगड्याला हा नियम लावला आणि गणित चुकलं, तर दोन-चार पावसाळ्यांत ते सावरता येईल. सतरा वर्षांनी वयात येणाऱ्या माशाच्या बाबतीत चूक झाली, तर ती कळेपर्यंत ती करणारे अधिकारी निवृत्त झालेले असतील.

असं घडलेलं आहे. साउथ जॉर्जिया बेटाभोवती संगमरवरी रॉककॉड नावाचा मासा विपुल होता. १९६९-७० च्या एका हंगामात सोव्हिएत जहाजांनी तो सुमारे चार लाख टन धरला, पुढच्या हंगामात एक लाख टन. त्यानंतर धरायला काही उरलं नाही. १९८५ मध्ये त्याच्या मासेमारीवर बंदी आली. आज अर्धशतक उलटून गेलं, मासा हळूहळू परततो आहे, पण पूर्वीच्या पातळीला अजून पोचलेला नाही. दोन हंगाम हव्यासाचे आणि पन्नास वर्षं भरपाईची. हा हिशेब ध्रुवीय समुद्राचा आहे आणि तो बदलता येत नाही.

या मंदगतीमागचं कारण समजून घेतलं पाहिजे. त्याशिवाय "थोडे कमी धरा" एवढ्यानं भागेल असं वाटत राहील. अंटार्क्टिकातल्या पुष्कळ माशांच्या पोटात अंडं पिकायलाच दोन वर्षं लागतात. आज गाभोळीने भरलेली मादी कापली तर तिच्यात एकाच वेळी दोन वर्षांची अंडी दिसतात: यंदाची मोठी आणि पुढच्या वर्षीची बारीक. अंडी संख्येनं कमी, आकारानं मोठी आणि बलकानं भरलेली असतात, कारण बाहेर पडणाऱ्या पिल्लाला अन्न मिळेपर्यंत शिदोरी लागते. अंडं उबायला महिनेच्या महिने जातात. नेकेड ड्रॅगनफिश नावाच्या एका माशाची अंडी दहा महिने घेतात आणि तोवर त्यांच्यावर पहारा असतो. पिल्लू बाहेर येण्याची वेळ वरच्या पाण्यात अन्न असण्याच्या वेळेशी जुळावी लागते.

ही जुळणी एका भारतीय संशोधकानं फार पूर्वी हेरली होती, हे इथं सांगायलाच हवं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांनी १९५६ मध्ये सागरी माशांच्या अंडी घालण्याच्या हंगामावर निबंध लिहिला. थंड आणि उबदार समुद्रांतल्या माशांचे हंगाम शेजारी ठेवून त्यांनी दाखवलं की पिल्लांच्या अन्नाच्या उपलब्धतेशी हा हंगाम बांधलेला असतो. पुढं हेच कासिम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. डिसेंबर १९८१ मध्ये मुरगाव बंदरातून निघालेली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही त्यांनीच नेली. ९ जानेवारी १९८२ ला ती चमू बर्फावर उतरली. अंटार्क्टिकाशी आपलं नातं एका मत्स्यशास्त्रज्ञानं जोडलं आहे. त्या नात्याची आज परीक्षा आहे.

कारण ती जुळणी आता विस्कटू लागली आहे. २०२३ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ उपग्रहांच्या नोंदींत कधी नव्हता इतका कमी झाला: फेब्रुवारीत सुमारे १७.९ लाख चौरस किलोमीटर आणि हिवाळ्याच्या भरातही १.७ कोटींच्या खाली. बर्फ उशिरा धरला किंवा लवकर सुटला की वनस्पतींचा बहर सरकतो. दोन वर्षांपूर्वी पोटात धरलेल्या अंड्याला हे कळण्याचा मार्ग नसतो. पाण्याचं तापमान वाढलं तर या माशांना दक्षिणेकडे, आणखी थंड पाण्यात सरकायला जागाही नाही. मॅकमर्डोच्या काही माशांवरच्या जुन्या प्रयोगांत पाणी सहा अंशांच्या वर गेलं की ते मेले होते. हवामानाचं संकट एका बैठकीत थांबणार नाही. मासेमारीचा ताण मात्र एका बैठकीत कमी करता येतो.

आता अंटार्क्टिकाच्याच वेडेल समुद्राकडे वळू. फेब्रुवारी २०२१ मध्ये जर्मनीचं पोलारश्टर्न हे संशोधन जहाज फिल्खनर खंदकावर होतं. तळापासून थोड्या उंचीवरून कॅमेरा ओढला जात होता. पडद्यावर माशाचं एक घरटं आलं, मग दुसरं, मग तासन् तास घरट्यांशिवाय काही येईचना. कॅमेऱ्यानं एकूण १६,१६० घरटी टिपली. ही वसाहत सुमारे २४० चौरस किलोमीटरवर पसरलेली असून तिच्यात सहा कोटी घरटी असावीत, असा अंदाज संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. माशांच्या विणीची इतकी मोठी वसाहत जगात दुसरीकडे कुठं आढळलेली नाही. घरटं म्हणजे तळाच्या रेती-चिखलात केलेला पाऊण मीटर रुंदीचा, पंधरा सेंटिमीटर खोलीचा गोल खळगा, तळाशी बारीक खडे, त्यांवर सरासरी सतराशेच्या वर अंडी आणि त्यांवर राखण करणारा एक मोठा मासा. हा आइसफिश कुळातला मासा. या कुळातल्या माशांच्या रक्तात तांबड्या पेशींचं हिमोग्लोबिनच नसतं, त्यामुळे त्यांचं रक्त पाण्यासारखं दिसतं. घरट्यांची जागा ४२० ते ५३५ मीटर खोल आहे. आजूबाजूच्या तळापेक्षा तिथलं पाणी दोन अंशांपर्यंत उबदार आहे. त्या उबेच्या आधारानंच ही वसाहत वसली असावी. तळाशी घासत जाणारं एक जाळं तिथून ओढलं, तर काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. सतराशे अंड्यांवर बसलेला तो मासा उठून दुसरीकडे घर करील, असं मानायला काही आधार नाही.

वेडेल समुद्राला संरक्षित क्षेत्र करण्याचा प्रस्ताव युरोपीय संघानं २०१६ मध्ये, ही घरटी दिसण्याच्या पाच वर्षं आधी मांडला. पूर्व अंटार्क्टिकाचा प्रस्ताव त्याहून जुना. दोन्ही हॉबार्टच्या टेबलावर वर्षानुवर्षं पडून आहेत, कारण चीन आणि रशिया संमती देत नाहीत. २०१६ मध्ये रॉस समुद्राचं संरक्षित क्षेत्र मंजूर झालं, साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरचं, महाराष्ट्राच्या पाचपट. त्यानंतर इतक्या वर्षांत एवढ्या तोलामोलाचं दुसरं क्षेत्र जाहीर झालेलं नाही.

आणि रॉस समुद्राचं संरक्षणही कायमचं नाही. तडजोड म्हणून त्याला पस्तीस वर्षांची मुदत घातली गेली. डिसेंबर २०१७ मध्ये ते लागू झालं, २०५२ मध्ये संपेल. टूथफिशच्या वयानं ही मुदत मोजून पाहा. २०१७ मध्ये जन्मलेली मादी २०३४ च्या सुमारास पहिल्यांदा अंडी घालेल. त्या अंड्यांतून निघालेली मादी २०५१ मध्ये वयात येईल. पुढच्याच वर्षी संरक्षण उठेल. कागदावर पस्तीस वर्षं भरघोस दिसतात. माशाच्या दृष्टीनं ती जेमतेम दोन पिढ्या आहेत.

उत्तर ध्रुवाकडचं चित्र थोडं बरं आहे, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. ग्रीनलंड शार्क तिथल्या खोल पाण्यात राहतो. २०१६ मध्ये डेन्मार्कच्या ज्यूलियस नील्सन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या डोळ्यांतल्या भिंगावरून वय काढलं. सगळ्यांत मोठी मादी कमीत कमी २७२ वर्षांची निघाली; म्हणजे तिचा जन्म उशिरात उशिरा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, पेशवाईच्या भरातला. ही जात वयात येते दीडशे वर्षांच्या आसपास. १९३६ मध्ये खूण करून सोडलेला एक शार्क सोळा वर्षांनी पुन्हा सापडला, तेव्हा तो आठ सेंटिमीटर वाढला होता. दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत आजही हे शार्क अडकून मरतात. पण मध्य आर्क्टिक महासागराबाबत जगानं एक शहाणपण दाखवलं: तिथं मासेमारी सुरू होण्याआधीच नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी करार करून २८ लाख चौरस किलोमीटरवर व्यापारी मासेमारीला बंदी घातली. जून २०२१ पासून सोळा वर्षांसाठी. आधी अभ्यास, मग मासेमारी, हा क्रम तिथं पाळला गेला. दक्षिणेत तो उलटा झाला.

भारतानं काय केलं? २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी जाहीर केलं की वेडेल समुद्र आणि पूर्व अंटार्क्टिका या दोन्ही प्रस्तावांना भारत सहप्रस्तावक म्हणून पाठिंबा देईल. हे चांगलं झालं, आणि त्याबद्दल सरकारचं मोकळ्या मनानं अभिनंदन केलं पाहिजे. पूर्व अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच २०१२ पासून आपलं भारती केंद्र उभं आहे; तो समुद्र आपल्या दारातला आहे. पण सहप्रस्तावक म्हणून नाव घालणं एक आणि अडवणाऱ्याला राजी करणं दुसरं. रशियाशी आपले संबंध अनेक दशकांचे आहेत, आणि युरोपीय देश किंवा अमेरिका मॉस्कोत जे आज बोलू शकत नाहीत ते दिल्ली बोलू शकते. सत्तावीस सदस्यांत ही सोय फार थोड्यांना आहे. ती वापरली जावी, यासाठी देशातल्या लोकांनी मागणी केलेली दिसली पाहिजे. परराष्ट्र धोरणातल्या शंभर विषयांत माशांची घरटी आपोआप वर येणार नाहीत.

तेव्हा वाचकहो, कृपा करून यंदा एवढं करा.

पहिलं, पत्र लिहा. आपल्या खासदारांना आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, पण स्वतःच्या शब्दांत लिहा. छापील नमुन्याला कुणी विचारत नाही. मागणी स्पष्ट असू द्या: हॉबार्टमध्ये भारतानं वेडेल आणि पूर्व अंटार्क्टिकाच्या प्रस्तावांसाठी नुसती सही न करता रशिया आणि चीनशी आधी बोलणी करावीत, रॉस समुद्राचं संरक्षण २०५२ नंतरही चालू राहावं अशी भूमिका आतापासूनच घ्यावी, आणि स्वालबार्डमध्ये हिमाद्री केंद्र चालवणारा देश म्हणून मध्य आर्क्टिकच्या करारात सामील होण्याची इच्छा जाहीर करावी.

दुसरं, मच्छीमार सहकारी संस्थांना माझी हात जोडून विनंती आहे. सातपाटीपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढं गोव्यात, आपल्या सभेत या विषयावर ठराव करा. शहरातल्या पर्यावरणप्रेमींच्या शंभर पत्रांपेक्षा तुमच्या एका ठरावाला वजन आहे, कारण तुम्ही स्वतःच्या होड्या ओढून दाखवता. पापलेटाची बारीक पिल्लं धरू नका म्हणून तुम्हीच आवाज उठवलात, आणि २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. विणीच्या माशाला जागा आणि वेळ द्यावी लागते, हे तुमच्याइतक्या अधिकारानं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

तिसरं, मुंबईतल्या महागड्या हॉटेलांच्या यादीत "चिलियन सी बास" लिहिलेलं असतं. तो टूथफिशच आहे, अंटार्क्टिक किंवा त्याचा भाऊ पॅटागोनियन. १९७७ मध्ये एका अमेरिकी व्यापाऱ्यानं विक्रीसाठी दिलेलं ते नाव आहे. तुमच्या पुढ्यात आला तर विचारा: कोणत्या समुद्रातला, आणि आयोगाचं पकड-प्रमाणपत्र आहे का? उत्तर मिळालं नाही तर मागवू नका. २०१४-१५ मध्ये थंडर नावाच्या चोरट्या जहाजाचा पाठलाग ११० दिवस चालला होता, दक्षिण महासागरापासून थेट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत. त्या जहाजाची जाळी याच माशासाठी होती. अशी चोरी चालते, कारण शेवटच्या गिऱ्हाईकापर्यंत कुणी प्रश्न विचारत नाही.

शिक्षकांना आणि महाविद्यालयांना एवढंच सांगतो की राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र गोव्यात, वास्कोला आहे. अंटार्क्टिकाला जाऊन आलेली माणसं तिथं काम करतात. त्यांना बोलवा, मुलांना त्यांच्याशी बोलू द्या.

हॉबार्टची चर्चा बंद दारांआड होते. तिथं काय बोलायचं हे भारतीय प्रतिनिधींना दिल्लीहून ठरवून दिलं जातं, आणि ते ऑक्टोबरच्या आधीच ठरतं. म्हणून पत्र सप्टेंबर सरण्याआधी पोचलं पाहिजे. पत्ता असा: सचिव, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, पृथ्वी भवन, लोधी रोड, नवी दिल्ली ११०००३.